नऊ दिवसांची तयारी

ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं आपण सर्वजण एकत्र जमून प्रार्थना करणार. परंतु त्या प्रार्थनेस मनाची तयारी कशी करावी, हें आम्हांस ख्रिस्तसभेच्या इतिहासांतूनच शिकावयाचें आहे.

आमच्या कन्हानसमोर, नदीच्या पलतीरीं, १८२१ सालीं कामठीची छावणी वसली. पुढें १८८७ सालीं विशाखापट्टणमपासून वेगळा होऊन नागपूरचा धर्मप्रांत स्थापन झाला. तो अवघा दहा वर्षांचा असतां, ९ मे १८९७ रोजीं पोप तेरावे लिओ यांनीं पेंटेकॉस्टपूर्वीं प्रत्येक धर्मग्रामाच्या मंदिरांत दरवर्षीं नऊ दिवसांची नोव्हेना करावी, असें फर्माविलें. पोप फ्रान्सिस यांनींही २०२५ च्या ज्युबिलीपूर्वीं २०२४ हें संपूर्ण वर्ष प्रार्थनेस वाहिलें.

या नोव्हेनेचें मूळ यरुशलेमांतील माडीवर आहे. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरियेसह शिष्य तेथें एकचित्तानें प्रार्थना करीत राहिले. त्यांत प्रभूला नाकारणारा पेत्र होता, संशय घेणारा थोमा होता, बागेंतून पळालेले इतरही होते. तरी कोणीं कोणास दूर लोटलें नाहीं. आणि अशा एकचित्त मंडळीवरच पवित्र आत्मा उतरला.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, मंदिर शृंगारण्यापूर्वीं घरांतील अबोला सुटावा, शेजाऱ्याशीं समेट व्हावा आणि प्रत्येकानें पापनिवेदन करावें. वेदीजवळ आपण भांडण घेऊन गेलों, तर नऊ दिवसांची प्रार्थना ओठांवरच राहील. प्रभु आम्हां सर्वांस एकचित्त करो.