पावनखिंड व थर्मोपिली : चित्रपटांतील ऐतिहासिकता

पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांचा पाठलाग रोखताना बाजीप्रभू देशपांडे १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत (म्हणजेच पावनखिंडीत) धारातीर्थी पडले. या लढ्याची तुलना इ.स.पू. ४८० मधील थर्मोपिलीच्या ग्रीक-इराणी लढाईशी केली जाते. अरुंद वाट, तुटपुंजे सैन्य आणि परंपरेने रूढ झालेला ‘तीनशे’चा आकडा ही साम्यस्थळे. परिणाम मात्र वेगळा : थर्मोपिलीची वाट शत्रूला मोकळी झाली, तर महाराज विशाळगडी सुखरूप पोहोचले.

झॅक स्नायडरचा थर्मोपिलीवरील ‘३००’ (२००६) हा चित्रपट फ्रँक मिलर यांच्या चित्रकादंबरीवर आधारित आहे. त्यात स्पार्टन उघड्या अंगाने लढतात. प्रत्यक्षात ग्रीक पायदळ चिलखत वापरी. इराणी सम्राट झर्क्सीझ तेथे दाढीविना, दागिन्यांनी मढलेला दिसतो. पर्सेपोलिसच्या शिल्पांतील राजे लांब दाढीचे, पायघोळ वस्त्रांतले आहेत. अखेरपर्यंत झुंजलेल्या सुमारे ७०० थेस्पियन ग्रीकांनाही चित्रपटात स्थान नाही.

दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’मध्ये (२०२२) बाजींसोबत लढलेले बांदल सैन्य ठळकपणे येते. महाराज पोहोचल्याची खूण असलेले विशाळगडावरील तोफांचे बार ऐकून बाजींनी प्राण सोडला, हा प्रसंग मात्र परंपरेतून आलेला आहे.