भिलाईच्या शेजारचा कथाकार

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाई येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नव्या राष्ट्राने जगापुढे कोणता चेहरा ठेवावा, याविषयी त्या काळी असलेला उत्साह या प्रसंगात पुरेपूर उतरला होता. त्याच दुर्ग जिल्ह्यात (राजनांदगाव १९७३ पर्यंत त्यातच मोडत असे) १९५८ पासून दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन करणारा एक लेखक मात्र मनुष्य आपला चेहरा कसा सांभाळतो आणि त्यापायी काय गमावतो, याच शोधात होता. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. ‘क्षिप्रा’कार शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे वडील बंधू. लेखन त्यांनी हिंदीत केले, म्हणूनच की काय, त्यांच्या कथांकडे आपल्या समीक्षेचे लक्ष फारसे गेले नाही.

त्यांची ‘क्लॉड ईथरली’ ही कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हिरोशिमावर बाँब टाकणारा वैमानिक राष्ट्रवीर म्हणून गौरविला जातो. त्याला स्वतःला मात्र शिक्षा हवी असते, आणि ती मागणाऱ्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होते. हे इस्पितळ मुक्तिबोधांनी आपल्याच देशातील एका शहरात आणून ठेवले आहे. ऐतिहासिक ईथरलीने बाँब टाकला नव्हता. त्याचे विमान हवामान पाहण्यासाठी पुढे गेले होते. शिवाय १९६४ मध्ये विल्यम ब्रॅडफर्ड ह्यूई या अमेरिकन लेखकाने तर त्याच्या पश्चात्तापाची कथाही वृत्तपत्री प्रसिद्धीतून वाढलेली आहे, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप खरा मानला तरी कथेला बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. उलट प्रांजळपणाचाही लौकिक होऊ शकतो, ही अधिक बिकट गोष्ट त्यातून पुढे येते. मुक्तिबोधांचा रोख ईथरलीच्या चरित्रावर नाहीच. सुस्थित, सुविद्य माणूस आपल्या आतील अस्वस्थ साक्षीदाराला कोंडून ठेवतो आणि त्यालाच शहाणपण समजतो, याकडे तो आहे. ‘विपात्र’मध्ये हेच एका विद्यासंस्थेतील मंडळींबाबत घडते. वरिष्ठाच्या बैठकीत सारे विद्वान हसतात, बोलतात. मनातले मात्र कोणी उच्चारीत नाही. निवेदकही त्यांतलाच एक आहे, हे तेथे लपविलेले नाही.

मराठीत १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा लेखिकेने विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेतले होते. प्रौढ कुमारिकांच्या मनातले सत्य सांगता यावे म्हणून तिला स्वतःचे नाव झाकावे लागले. त्या कथांवर वादळ उठले, पण कथा वाचकांपर्यंत पोहोचल्या. मुक्तिबोधांनी नाव झाकले नाही. १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. ते कथापुस्तक नव्हते हे खरे. परंतु सोयीच्या चित्रात न बसणाऱ्या लेखनाचे काय होते, याचा अनुभव लेखकाला त्यातून मिळालाच.

कथा-कवितांच्या वाट्याला निराळाच विलंब आला. त्याचे कारण एकच नव्हते. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दीर्घ आजारानंतर दिल्लीत मुक्तिबोधांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही स्वतंत्र काव्यसंग्रह किंवा कथासंग्रह नव्हता. ‘काठ का सपना’ हा कथासंग्रह निघाला तो १९६७ मध्ये.