जुन्या संगणकाचा पडदा काळा पडल्यास काय तपासावे?

पंख्याचा आवाज येतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. अशा वेळी संगणक भंगारात काढू नका. दोष मॉनिटर, केबल किंवा रॅमचा असेल, तर हार्ड डिस्कवरील फोटो सुरक्षित असतात.

१. केबल : व्हीजीए केबल दोन्ही टोकांना काढून नीट बसवा. पिन वाकल्यास एखादा रंग जातो. निळा गेला की पांढरा भाग पिवळा दिसतो. मात्र अनेक केबलींत नववी पिन मुळातच नसते. ग्राफिक्स कार्ड असल्यास केबल त्यालाच जोडा.

२. बॅकलाइट : एलसीडी पडद्यावर तिरपा टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसले, तर बहुधा बॅकलाइट गेला आहे.

३. रॅम : संगणक बंद करून प्लग काढा. रॅमचे सोनेरी टोक खोडरबराने हलके पुसा आणि दोन्ही खटके बसेपर्यंत दाबा.

४. ड्रायव्हर : विंडोजचे चिन्ह दिसल्यानंतर पडदा काळा होत असेल, तर सेफ मोडमध्ये सुरू करून पाहा.

सावधान : जुना, काचेच्या नळीचा मॉनिटर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात हजारो व्होल्टचा धोकादायक विद्युतभार साठलेला असू शकतो.