उरले २४० तास

या घटनाक्रमातला माणूस कल्पिलेला आहे. एचआयव्हीच्या एन्झाइमचं वागणं मात्र खरं. काळ २०२०च्या आधीचा, औरंगाबादच्या घाटी रुग्णालयातला, शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव अजून मिळायचं होतं तेव्हाचा. एचआयव्हीच्या रुग्णाला सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातून रात्रीची एक गोळी मिळे. तिच्यात तीन औषधं: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन, एफाविरेन्झ.

उरले २४० तास. रात्रीचे नऊ. डबीतली शेवटची गोळी घेतली. पैठण तालुक्यातली त्याची ऊसतोडीची टोळी कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यावर आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली. औषधासाठी गावाकडे जाऊन यायचं तर दोन-तीन खाडे. उपचाराच्या कार्डावर ‘गोळी चुकली’ एवढीच नोंद होईल, उचलीसाठी तिथं रकाना नसतो.

उरले २१६. गोळी एक असली तरी औषधं एकदम जात नाहीत. पेशीतलं लॅमिव्हुडीन दिवसाभरात निम्म्याखाली आलं. टेनोफोव्हिर जास्त टिकेल.

उरले १२०. एफाविरेन्झ रक्तात निम्मं व्हायलाच ४० ते ५५ तास लागतात. पाच दिवसांनीही त्याचा सुमारे आठवा ते पाचवा हिस्सा शिल्लक आहे. लॅमिव्हुडीन जवळजवळ संपलं, टेनोफोव्हिरही ओसरत चाललं. विषाणूला पूर्ण रोखायला हे अपुरं, पण त्यातला कोण तगेल हे ठरवायला पुरेसं. काहीच औषध नसतं तर एक वेळ परवडलं असतं.

उरले ७२. दडून बसलेल्या पेशीतून विषाणू निघतो आणि नव्या पेशीत शिरतो. रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे त्याचं एन्झाइम आरएनएवरून डीएनए लिहू लागतं. डेव्हिड बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी १९७० मध्ये या उलट्या लिखाणाचा शोध लावला. लिहिलेलं तपासायची सोय या एन्झाइमला नाही. सुमारे ९,७०० अक्षरांच्या मजकुरात ढोबळमानाने तीन प्रतींमागे एक चूक होते. आज ती हे एन्झाइम घडवण्याच्याच कृतीत, १०३व्या अमिनो आम्लाच्या जागी झाली: एएएचं एएसी. लायसिनऐवजी आता अ‍ॅस्पॅराजिन येईल. चूक करणारं एन्झाइम जुनंच आहे. फायदा पुढच्या पिढीचा.

उरले २४. नवे विषाणू बाहेर पडले, बदललेलं एन्झाइम सोबत घेऊन. एफाविरेन्झ एन्झाइमच्या ज्या खोबणीत शिरतं तिच्या तोंडाशीच ही १०३वी जागा आहे. अ‍ॅस्पॅराजिन शेजारच्या १८८व्या टायरोसिनशी हायड्रोजन बंध जोडतं आणि खोबण मिटलेली राहते, दाराला आतून कडी घालावी तशी. डीएनए जोडायचं काम थोडं दूर चालतं, त्याला धक्का लागत नाही.

म्हणूनच मला हा बदल सर्वांत वाईट वाटतो. लॅमिव्हुडीनला चुकवणारा १८४व्या जागेचा बदल पाहा: मेथिओनिन जाऊन व्हॅलिन येतं, तेही थेट कामाच्या जागी. औषध अडतं, पण एन्झाइमही मंदावतं, आणि टेनोफोव्हिरचा मारा त्याला अधिक लागतो. तिथं विषाणूला किंमत मोजावी लागते. १०३ला ती जवळजवळ नाहीच, त्यामुळे औषध गेल्यावरही हा बदल लवकर पुसला जात नाही.

उरले १२. दुसऱ्या पेशीत उरलंसुरलं एफाविरेन्झ आहे, लिखाण तरीही पूर्ण झालं. जुन्या वाणाचे विषाणू आसपास अडखळत आहेत.

शून्य. इंटिग्रेज हे विषाणूचं दुसरं एन्झाइम तो डीएनए माणसाच्या गुणसूत्रात शिवतं. पेशी स्मृतीची, वर्षानुवर्षं जगणारी. एफाविरेन्झ आणि त्याच्याच जातीचं नेव्हिरापिन, दोन्ही या माणसापुरती बाद.

शून्यानंतर ४८ तास. माणूस घाटीच्या रांगेत आहे. त्याला तीच गोळी मिळते. विषाणूभाराच्या तपासणीत विषाणू किती हे कळतं, १०३व्या जागी काय आहे ते कळत नाही. त्यासाठीची जनुकीय चाचणी नेहमीच्या तपासण्यांत नाही. पुढे २०२०च्या सुमारास सरकारी गोळीत एफाविरेन्झच्या जागी इंटिग्रेजला अडवणारं डोलुटेग्राव्हिर आलं. त्याच्यासमोर १०३चा बदल निरुपयोगी आहे.