आधी गरज, मग लॅपटॉप

मागच्या महिन्यात हुडकेश्वरच्या आमच्या घरी पुतण्याची मुलगी चार छापील कागद घेऊन आली. वाणिज्य शाखेत प्रवेश मिळाला होता आणि लॅपटॉप घ्यायचा होता. पुतण्याने त्यासाठी मुदत ठेव मोडली होती. ‘‘आबा, यातला कोणता घेऊ?’’ मी कागद बाजूला ठेवले आणि विचारले, ‘‘तू तो कुठे बसून वापरणार, किती तास, आणि कशासाठी?’’ पोरगी गप्प झाली. दुकानात तिला हे कोणी विचारलेच नव्हते.

खरे सांगायचे तर लॅपटॉपचा सगळा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची उत्तरे आहेत. १९७२ साली अमेरिकेत ॲलन के या संशोधकाने वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. नाव ठेवले ‘डायनाबुक’. तसे यंत्र तेव्हा बनवणे शक्य नव्हते, पण ते मुलांच्या हातात द्यायचे हे मात्र ठरलेले होते. १९८१ मध्ये ऑस्बॉर्न-१ आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम ५ इंचांचा आणि भिंतीतल्या विजेशिवाय गती नाही. तरी फिरतीवरच्या लोकांनी तो घेतला, कारण त्यांना यंत्र सोबत न्यायचे होते. पुढच्याच वर्षी पडदा मिटणारा, मॅग्नेशियमच्या कवचाचा ग्रिड कंपास निघाला. किंमत ८ हजार डॉलरच्या वर. ‘नासा’ने तो अंतराळयानात नेला. १९८५ मध्ये तोशिबाचा टी-११०० आला. वजन चार किलोच्या आसपास आणि बॅटरीवर चालणारा. म्हणजे कोणाला वजन महत्त्वाचे, कोणाला मजबुती, तर कोणाला बॅटरी. सगळ्यांना सगळे देणारे यंत्र यात एकही नव्हते.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. २००५ साली निकोलस निग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या मुलांसाठी १०० डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला. पुढे तो ‘एक्सओ’ नावाने तयार झाला. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची गरज अधिक निकडीची आहे, अशी त्याची भूमिका होती. तरीही २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहानशा वस्तीतल्या प्राथमिक शाळेत हे हिरवे-पांढरे लॅपटॉप पोहोचले. ते बनवताना आधी खेड्यातली शाळा डोळ्यांसमोर ठेवलेली होती. उन्हात बसून वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी आवरणाचे कळफलक, फिरणारा पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही आणि वीज अगदी थोडी. शहरातल्या दुकानात हे यंत्र कोणाच्या डोळ्यांत भरले नसते. पण ज्या जागेसाठी ते बनवले, तिथे ते शोभत होते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किंमत १०० वर राहिली नाही, २०० डॉलरच्या जवळ गेली. पेरू देशातल्या ग्रामीण शाळांत हेच लॅपटॉप वाटले गेले. तिथला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या गणितात आणि भाषेत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र जागेला जुळले, पण ते घेऊन शिकवायचे काय, हे पुरेसे ठरले नव्हते.

दुसऱ्यांना कशाला नावे ठेवू? २००८ साली मुलासाठी मीच एक लॅपटॉप आणला. दुकानदार म्हणाला, ‘‘साहेब, यात सगळंच आहे.’’ सगळे होते, आम्हाला हवे तेवढे सोडून! भारनियमनाचे दिवस, आणि बॅटरी तासाभरात मान टाकायची. वजन इतके की मुलाने तो चार दिवस कॉलेजात नेला आणि मग टेबलावर ठेवला तो कायमचा. हप्ते मात्र मी दोन वर्षे भरत होतो.

म्हणून त्या दिवशी पोरीला म्हटले, आधी वही काढ. तिने लिहिले: हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन तास, मराठी टंकलेखन, रोज बसने जाणे-येणे, घरी एकच खोली, तीही आजीसोबत. यादी झाली आणि निम्मा निकाल तिथेच लागला. खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड गेले. दीड किलोच्या आतले वजन, दिवसभर पुरेल अशी बॅटरी, फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी आणि नागपुरातच दुरुस्तीची सोय, एवढे उरले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. तेव्हा लॅपटॉप गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही, हेही तिने लिहून घेतले. मराठीची चिंता मिटलेली होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. पूर्वी एका संगणकावरचा मराठी मजकूर दुसऱ्यावर नेला की अक्षरांचा चिवडा व्हायचा. आता इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येच असतो, तो फक्त सुरू करावा लागतो.

चारांपैकी तीन कागद तिने स्वतःच परत केले. उरला तो सगळ्यांत स्वस्त नव्हता आणि सगळ्यांत महागही नव्हता. जाताना म्हणाली, ‘‘आबा, हे प्रश्न तर दुकानदारानं विचारायला हवे होते ना?’’ मी म्हणालो, ‘‘बाई, तो त्याचं दुकान सांभाळतो. आपली ठेव आपणच सांभाळायची.’’