शोभेचे झाड घडवावे लागते

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत उन्हाळा लागला की रस्तोरस्ती जांभळा क्रेप मर्टल फुलतो. हे झाड मूळचे आशियातले. चीनमध्ये तांग राजवटीत चांगआनच्या राजकचेरीच्या आवारात ते मानाने लावले जाई. अमेरिकेत ते अठराव्या शतकाच्या अखेरीस पोहोचले, आणि आज तिथल्या लोकांना ते पिढीजात वारशासारखे वाटते. पण रस्त्याकडेला उंच, निरोगी वाढलेला जो जांभळा क्रेप मर्टल आता सर्रास दिसतो, तो नुसत्या वारशाने मिळालेला नाही. एका सरकारी संस्थेने सार्वजनिक पैशातून, दीर्घकाळ खपून तो घडवला आहे.

जुन्या जातीची मोठी अडचण होती भुरी. दमट हवेत पाने आणि कळ्या पांढऱ्या बुरशीने माखत आणि ऐन बहर वाया जाई. 1956 मध्ये अमेरिकी वनस्पतिशोधक जॉन क्रीच यांनी जपानच्या याकुशिमा बेटावरून याच कुळातल्या दुसऱ्या जातीचे बी आणले. तिची फुले पांढरी, पण ती भुरीला दाद देत नसे, शिवाय तिची दालचिनी रंगाची साल देखणी होती. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या सरकारी वृक्षोद्यानात डोनाल्ड एगोल्फ यांनी दोन्ही जातींचे संकर केले, रोपे वाढवली, पारखली आणि त्यांतली निवडक राखली. 1978 मध्ये फिक्या जांभळ्या फुलांचा ‘मस्कोगी’ हा वाण बाहेर पडला. बी हाती आल्यापासून बावीस वर्षे गेली होती.

यावर कोणी म्हणेल, संकराच्या आधीही लोक या झाडाला जीव लावत होतेच. खरे आहे, ‘कटॉबा’ हा गडद जांभळा वाण जुन्या जातीतूनच निवडलेला आहे. पण अंगणात हौसेने एक झुडूप जपणे वेगळे आणि शहरभर, रोज कोणी फवारणी करणार नाही अशा जागी, झाड उभे करणे वेगळे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छाट कलमांनी वाढवलेली एकसारखी झाडे एकाच संकटाला एकदम बळी पडू शकतात. 2004 मध्ये टेक्सासमध्ये सालीवरची खवले कीड आढळली, नंतर ती इतर राज्यांत पसरली आणि तिच्या चिकट स्रावावर काजळी चढून खोडे काळवंडली. पण यातून निवडीचे काम व्यर्थ ठरत नाही. ते एकदा करून थांबवता येत नाही, एवढेच सिद्ध होते.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. आपले राज्यफूल ताम्हण याच कुळातले. बियांपासून वाढवलेल्या त्याच्या रोपांत कुणाचा रंग गडद निघतो, कुणाचा फिका; हीच विविधता निवडीचे भांडवल आहे. फुलाला राज्याचा मान देणे ही सुरुवात झाली. उत्तम झाडे हेरून, त्यांची कलमे करून, वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थांना बळ दिले, तर तो मान शहरांच्या रस्त्यांवर उतरेल.