नवी एक्स्टर्नल हार्ड डिस्क लिनक्ससाठी कशी तयार करायची? पार्टिशन आणि फॉरमॅट, सोप्या भाषेत

फोनचं स्टोरेज भरलं की काही जण एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतात. दुकानातून आणलेली डिस्क साधारणपणे विंडोजला सोयीची अशीच फॉरमॅट केलेली असते: एनटीएफएस किंवा एक्सफॅट. लिनक्सवर ती लावली तर चालते का? हो, आता चालते. लिनक्स कर्नलमध्ये एक्सफॅटचा सपोर्ट ५.४ या आवृत्तीपासून (२०१९) आला आणि एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर ५.१५ पासून (२०२१). मग फॉरमॅट करायचंच कशाला?

कारण ‘चालणं’ आणि ‘नीट चालणं’ यात फरक आहे.

एक्सफॅट की ईएक्सटी४?

एक्सफॅट विंडोज, मॅक, लिनक्स आणि बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनवर चालतं. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही, ती अडचण इथे नाही. पण एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं. जर्नल म्हणजे ‘मी आता हा बदल करणार आहे’ अशी आधीच करून ठेवलेली नोंद. कॉपी चालू असताना केबल निघाली, तर या नोंदीवरून फाइल सिस्टिम पुन्हा रुळावर येते. शिवाय लिनक्सच्या परमिशन आणि सिमलिंक एक्सफॅटमध्ये टिकत नाहीत.

ईएक्सटी४ मध्ये हे सगळं आहे. २००८ पासून ते लिनक्स कर्नलमध्ये स्थिर म्हणून आहे. टाइमशिफ्टसारख्या बॅकअप टूलला तर लिनक्सचीच फाइल सिस्टिम लागते. तोटा एकच: विंडोज आणि मॅकला ते थेट वाचता येत नाही आणि फोनकडूनही ती अपेक्षा ठेवू नका.

म्हणून मी १ टीबीच्या डिस्कचे दोन भाग करतो. पहिला २०० जीबीचा एक्सफॅट, फोन आणि मित्रांच्या लॅपटॉपशी देवाणघेवाण करण्यासाठी. उरलेला ईएक्सटी४, बॅकअपसाठी. एक्सफॅट पहिला ठेवतो, कारण काही टीव्ही आणि फोन फक्त पहिलं पार्टिशन बघतात.

आधी डिस्क ओळखा

या सगळ्या कामात खरा धोका एकच आहे: चुकीची डिस्क निवडणं. फॉरमॅटचं बटण लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर दाबलं गेलं, तर प्रोजेक्ट, फोटो, सगळं जाईल. रिसायकल बिन इथे मदतीला येत नाही.

सोपी युक्ती सांगतो. डिस्क न लावता टर्मिनलमध्ये ‘एलएसबीएलके’ ही कमांड चालवा आणि यादी बघा. मग डिस्क लावा, पुन्हा तीच कमांड द्या. यादीत जे नव्यानं दिसेल, ती तुमची डिस्क. आकारही जुळतोय का बघा. ‘एसडीए’, ‘एसडीबी’ या नावांवर विसंबू नका, डिस्क कोणत्या क्रमानं सापडल्या त्यानुसार ती बदलू शकतात.

१ टीबीच्या जागी ९३१ दिसलं तर फसवलं गेलो असं समजू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, काही प्रोग्रॅम १०२४ च्या पटीत. डिस्क तीच.

आता कृती

मी इथे उबंटूतलं ‘डिस्क्स’ हे ॲप धरून सांगतोय. ‘जीपार्टेड’मध्येही हेच टप्पे असतात.

१. डिस्कमध्ये आधीपासून काही हवं असलेलं असेल तर दुसरीकडे कॉपी करा. पुढच्या टप्प्यात ते जाणार आहे.

२. डावीकडच्या यादीतून तुमची डिस्क निवडा. वरच्या मेन्यूत ‘फॉरमॅट डिस्क’ घ्या आणि पार्टिशन टेबल ‘जीपीटी’ ठेवा. जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरसह साधारण २.२ टीबीपर्यंतचीच जागा वापरता येते. जीपीटीला ती मर्यादा नाही.

३. रिकाम्या जागेखालचं अधिकचं चिन्ह दाबा. आकार २०० जीबी, प्रकार एक्सफॅट, ओळखू येईल असं नाव. एक्सफॅटचा पर्याय चालत नसेल तर ‘एक्सफॅटप्रॉग्ज’ हे पॅकेज इन्स्टॉल करा.

४. उरलेल्या जागेवर पुन्हा तेच, पण प्रकार ईएक्सटी४. डिस्क प्रवासात हरवण्याची भीती असेल तर इथेच पासवर्डचा, म्हणजे ‘लक्स’ एन्क्रिप्शनचा, पर्याय निवडा. पासवर्ड विसरलात तर मात्र डेटा कोणीच परत देऊ शकणार नाही.

फॉरमॅटनंतरच्या दोन गोष्टी

ईएक्सटी४ भागावर फाइल टाकताना ‘परवानगी नाही’ असं आलं, तर घाबरू नका. नव्या पार्टिशनची मालकी रूट युजरकडे राहिली आहे. जीपार्टेडनं फॉरमॅट केल्यावर असं हमखास होतं. डिस्क्स ॲपच्या पार्टिशन मेन्यूत ‘टेक ओनरशिप’ असेल तर ते वापरा, नाहीतर ‘चोन’ कमांडनं मालकी स्वतःकडे घ्या.

दुसरी गोष्ट जागेची. ईएक्सटी४ डीफॉल्टनं ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. ८०० जीबीवर ते ४० जीबी होतात. सिस्टिमच्या डिस्कवर ही सोय कामाची आहे, पण नुसत्या बॅकअपच्या डिस्कवर तिची गरज नसते. ‘ट्यून२एफएस’ कमांडमध्ये ‘एम’ हा पर्याय ० ठेवला की ती जागा मोकळी होते. डेटा तसाच राहतो.

वापरताना

कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर गेली म्हणजे सगळं डिस्कवर उतरलं असं नाही. लिनक्स बराच डेटा आधी रॅममध्ये ठेवतं आणि मग सावकाश लिहितं. म्हणून ‘इजेक्ट’ करा, ‘आता काढू शकता’ असा संदेश येऊ द्या आणि मगच केबल काढा.

फोनला ओटीजीनं लावून डिस्क दिसली नाही, तर लगेच खराब ठरवू नका. फिरत्या तबकडीच्या डिस्कला फोनमधून पुरेशी वीज मिळत नसेल. स्वतंत्र वीज असलेला यूएसबी हब लावून बघा.

आणि घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट नक्की सांगून ठेवा. ही डिस्क विंडोजला लावली की ईएक्सटी४ भागासाठी ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा प्रश्न येऊ शकतो. डिस्क बिघडलेली नसते, विंडोजला फक्त ती भाषा येत नसते. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. वर्षभराचा बॅकअप त्या एका बटणावर अवलंबून असतो. मी तर डिस्कवर कागदाची चिठ्ठीच चिकटवतो: ‘लिनक्सची आहे, फॉरमॅट करू नका.’